मोबाइलवरून दिसतं, चाकणहून दिसत नाही? आधी मास्कची ओळ बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि २०१९ चा मे महिना डोळ्यांपुढे उभा राहिला. भोसरीच्या ऑफिसात पाच स्टॅटिक आयपी (न बदलणारे इंटरनेट पत्ते) घेतलेला राउटर, टॅलीचा संगणक आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्याच्यामागे. मोबाइल डेटावरून दोन्ही उघडतात, तुमच्या सीएंच्या घरूनही उघडतात, फक्त चाकणच्या वर्कशॉपमधून उघडत नाहीत. चाकणचं कनेक्शन भोसरीच्याच इंटरनेट कंपनीचं, आणि कंपनी म्हणते चाकणचा राउटर बदला. घेऊ नका. मी घेतला होता, ६,८०० रुपयांचा. तो अजून माळ्यावर पडलाय.

मी नेटवर्कवाला नाही, हे आधीच सांगतो. सांगलीत गणपती पेठेत आमचं पाइप-फिटिंगचं होलसेल दुकान आणि कुपवाड एमआयडीसीत गोडाउन. जे कळलं ते पैसे घालवून कळलं. तुमचं दुखणं वेगळंही असू शकतं. त्यामुळे एकच गोष्ट आधी बघा. भोसरी आणि चाकण, दोन्हीकडच्या स्टॅटिक पत्त्यांचे (टिंबांनी सुटे केलेले) पहिले तीन आकडे सारखे आहेत का? नसतील तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही. सारखे असतील तर बहुतेक आपण एकाच खड्ड्यात पडलोय.

आमचं असं झालं. बिलिंगचा संगणक दुकानात, गोडाउनचा माणूस कुपवाडहून रिमोटनं त्याच टॅलीत चलन काढायचा. आधी साधं कनेक्शन होतं, पत्ता सारखा बदलायचा, म्हणून दोन्हीकडे स्टॅटिक घेतलं. कंपनीच्या मुलानं येऊन दुकानातला राउटर सेट केला, दहा मिनिटांत नेट सुरू झालं, मी चहा पाजला, तो गेला. मोबाइलवरून टॅली उघडून बघितली, उघडली. घरून बघितली, उघडली. कुपवाडहून मात्र काळी स्क्रीन, आणि थोड्या वेळानं 'कनेक्ट होऊ शकत नाही'.

आता तुम्हीच सांगा, सगळीकडून उघडतंय आणि एकाच ठिकाणाहून उघडत नाही, तर दोष कुणाला देणार? त्या एका ठिकाणालाच. आम्हीही तेच केलं. कुपवाडचा राउटर बदलला. फायबरची वायर नव्यानं ओढून घेतली. विंडोज पुन्हा टाकलं. अँटिव्हायरस काढला, परत घातला. एकानं वायरिंगमध्ये अर्थिंग नाही असं सांगितलं, तेही करून घेतलं (ते तसं करायलाच हवं होतं, पण ती वेगळी गोष्ट).

आणि कंपनीचं सांगलीतलं कार्यालय. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. सहा आठवड्यांत किती वेळा गेलो ते आता आठवत नाही. काउंटरवरचा माणूस संगणकात बघायचा आणि म्हणायचा, "सर, आमच्या बाजूनं सगळं ओके आहे." तक्रार नोंदवली की संध्याकाळी मेसेज यायचा, आपल्या तक्रारीचं निराकरण झालंय. कसलं निराकरण? फोनही नाही आला. एकदा तर त्यांच्या वरच्या साहेबानं लॉग काढून दाखवला, "हे बघा, कुपवाडहून तुमच्या दुकानापर्यंत ट्रॅफिक पोचतंय, म्हणजे लाइन चांगली आहे." तो खरं बोलत होता, हे मला फार उशिरा कळलं. पोचत होतंच. परत येत नव्हतं. आणि दुकानातल्या राउटरमध्ये काय भरलंय, हे त्या सहा आठवड्यांत त्यांच्यातल्या एकानंही उघडून बघितलं नाही. मीही नाही. भरणारा त्यांचाच मुलगा होता, तो चुकेल असं मनातच आलं नाही.

मे महिना म्हणजे आमच्या धंद्याचा कळस. पाऊस पडायच्या आत शेतकऱ्याला पाइपलाइन हवी असते. गोडाउनला टेम्पो उभे, चलन निघत नाही. मग दुकानात प्रिंट काढायची आणि पोरगा ॲक्टिव्हावरून कुपवाडला नेऊन देणार, दिवसाला चार-पाच फेऱ्या. गर्दीच्या वेळी फोनवर सांगून हातानं चलन लिहायचं. त्यातच जतच्या एका डीलरला ९० ऐवजी ६३ मिलिमीटरचा पाइप गेला. अख्खी गाडी. तो माल परत आला, डीलर काही परत आला नाही.

शेवटी उलगडा केला तो वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणाऱ्या भाच्यानं, सुट्टीत जेवायला आला होता तेव्हा. त्याला मी तक्रार ऐकवत दुकानातल्या संगणकावरून कुपवाडच्या पत्त्याला पिंग करून (तिकडून उत्तर येतं का ते बघायची हाक मारून) दाखवला. चारही ओळींत 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. मी हे पन्नासदा पाहिलं होतं. त्यानं विचारलं, "मामा, पण हे उत्तर देतंय कोण?"

ओळीच्या सुरुवातीला लिहिलेलंच होतं. १९२.१६८.१०.१ कडून उत्तर. म्हणजे आमचाच राउटर. लाइन बाहेर कुठे तुटली असती तर नुसतं 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं असतं, नाहीतर कंपनीच्या एखाद्या उपकरणानं कळवलं असतं. इथे आमचा राउटर स्वतःच सांगत होता की मला हा पत्ता सापडत नाही. निरोप दुकानाचा उंबराच ओलांडत नव्हता.

त्यानं राउटरचं पान उघडलं, वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूच्या) भागात गेला आणि सबनेट मास्कच्या ओळीवर बोट ठेवलं. २५५.२५५.२५५.०. कंपनीच्या मेलमध्ये होतं २५५.२५५.२५५.२४८. मुलानं सवयीनं शून्य मारला होता. घरगुती राउटरमध्ये आतल्या बाजूला बहुतेक तेच असतं, हाताला वळण पडलेलं.

एवढ्यानं काय होतं ते आकडे घेऊन सांगतो. आमचे खरे पत्ते देत नाही, उदाहरणांसाठी राखून ठेवलेले २०३.०.११३ चे घेतो. समजा दुकानाला ४० ते ४७ असा आठ पत्त्यांचा तुकडा मिळाला. पहिला ४० आणि शेवटचा ४७ वापरता येत नाही, ४१ कंपनीचा गेटवे, उरले ४२ ते ४६. हेच तुमचे 'पाच आयपी'. गोडाउनला तसाच २०० ते २०७ चा तुकडा. मास्क म्हणजे राउटरला सांगणं की आपली गल्ली कुठून कुठपर्यंत. २४८ म्हटलं की गल्ली ४० ते ४७. त्याच्या बाहेरचं सगळं टपाल गेटवेच्या हातात द्यायचं, तो पोचवील. शून्य म्हटलं की राउटरला वाटतं ० ते २५५ सगळे आपल्याच गल्लीतले. मग २०२ ला निरोप द्यायचा तर तो गेटवेकडे जातच नाही, दारात उभा राहून हाका मारतो, "अहो २०२!" आणि २०२ कुपवाडात. ओ कोण देणार?

बाकी जगाचे पत्ते वेगळ्या आकड्यांचे, त्यांचं टपाल गेटवेकडे बरोबर जायचं. म्हणून मोबाइलवरून, घरून, सगळीकडून टॅली उघडायची. न उघडणारे या जगात फक्त आमच्याच कंपनीचे, त्याच २०३.०.११३ मधले शेजारी, आणि त्यांतला एक नेमका आमचा गोडाउन. दोष दुकानात, खर्च गोडाउनात.

(काही ठिकाणी कंपनीचं उपकरण मधे पडून शेजाऱ्याच्या वतीनं उत्तर देतं, तिथे चुकीचा मास्कही खपून जातो. त्यामुळे 'माझ्याकडे शून्यच आहे आणि सगळं चालतं' असं कुणी खाली लिहिणार असेल तर तेही खरं असू शकतं.)

तर ताई, चाकणला हात लावू नका. भोसरीच्या राउटरचं वॅनचं पान उघडा, मास्क बघा. किती असायला हवा याचा सोपा हिशेब: २५६ मधून तुकड्यातले एकूण पत्ते वजा करा. आठचा तुकडा तर २४८, चारचा तर २५२, सोळाचा तर २४०. मेलमध्ये लिहिलंय त्यावर जा, माझ्या हिशेबावर नको, पण दोन्ही जुळत नसतील तर कंपनीला विचारा. गेटवे नेहमी पहिलाच पत्ता असतो असंही धरू नका. आणि पान बदलायच्या आधी त्याचा फोटो काढा. काम दुकान बंद झाल्यावर करा, महिन्याच्या वीस तारखेला जीएसटी भरायच्या गडबडीत नको.

एक अडचण येऊ शकते. पान उघडल्यावर तिथे मास्क भरायची जागाच नसेल, नुसतं युजरनेम-पासवर्ड असेल, तर तुमचं कनेक्शन पीपीपीओई आहे. त्यात ठरलेला पत्ता कंपनीकडूनच येतो, तुम्ही काही टाइप करायचं नसतं. बरेच जण स्टॅटिक घेतलं म्हणून तिथली निवड 'स्टॅटिक' करतात आणि चालू नेट घालवतात. तसं करू नका. आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतला दिसला तर स्टॅटिक अजून चालूच झालेलं नाही, कंपनीच्या सामायिक पत्त्यावर आहात. १९२.१६८ नं सुरू होणारा दिसला तर फायबरचा डबा स्वतःच राउटर होऊन बसलाय, त्याला ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरगिरी सोडून नुसता पुढे पाठवायच्या कामावर) टाकायला सांगा. तुमचं मोबाइलवरून उघडतंय म्हणजे या दोन्ही गोष्टी बहुधा नसाव्यात, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल.

तुम्ही विचारलं नाही तरी बोलतो, राग मानू नका. पाच आयपी कशाला घेतले? एका टॅलीला आणि एका डीव्हीआरला एक पत्ता पुरतो, पोर्ट (एकाच पत्त्यावरचे दार-क्रमांक) वेगळे दिले की झालं. या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा तुटवडा आहे. आशियाला पत्ते वाटणाऱ्या संस्थेचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला होता. म्हणून त्याचे पैसे लागतात आणि म्हणूनच विकणारा पाचाचा आग्रह करतो. आम्ही २०२० ला एकावर आलो, काही अडलं नाही. मेल सर्व्हर वगैरे स्वतःचा चालवत असाल तर गोष्ट निराळी.

दुसरं, तुमच्या पोस्टखाली एकानं 'डीएमझेडमध्ये टाका, सगळं उघडेल' असं लिहिलंय. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं सगळं राउटरनं न अडवता एकाच यंत्राकडे सोडणं. उघडेल की! सगळ्या जगाला उघडेल. टॅलीचा संगणक डीएमझेडमध्ये टाकणं म्हणजे गल्ला रस्त्यावर मांडून आत झोपणं. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्टही उघडा ठेवू नका. आम्ही तेव्हा ठेवला होता, नशीब की काही झालं नाही, पण संगणकाच्या नोंदींत रात्री-अपरात्री कुठकुठून लोक पासवर्ड चाचपून जायचे ते बघून झोप उडाली. आता दोन्ही राउटरांमध्ये व्हीपीएन (दोघांपुरता कुलूपबंद रस्ता) आहे. चाकण-भोसरीलाही तेच करा, पण आधी मास्क नीट करा, कारण व्हीपीएनही त्याच दोन पत्त्यांवरून जातं आणि त्याच दारात हाका मारत बसेल. डीव्हीआरचा कंपनीकडून आलेला पासवर्ड बदलला असेल असं धरतो.

टॅलीच्या संगणकाला आतला पत्ता राखून ठेवलाय ना? नसेल तर एखाद्या दिवशी कुणाच्या फोनला तो पत्ता जाईल आणि चाकणचा माणूस पुन्हा काळी स्क्रीन बघेल. आणि राउटर भिंतीवर उंच ठोका. सांगलीकराला त्याचं कारण विचारू नका. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या पेठेत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

एक शेवटचं. दुरुस्त झालं तरी तो योग्य मास्क, गेटवे आणि पत्ता कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवा. २०२१ च्या वळवात वीज कडाडली, राउटर गप्प झाला. आम्ही दुकानात नसताना कंपनीचा दुसराच एक मुलगा आला, टाचणी घालून रिसेट केला आणि परत सगळं भरून गेला. संध्याकाळी कुपवाडहून फोन आला, "शेठ, काळी स्क्रीन." मी पान उघडलं. २५५.२५५.२५५.०. या वेळी दोन मिनिटं लागली.

तुमच्या वॅनच्या पानाचा फोटो इथे टाका, बघून सांगतो. पत्त्यांचे शेवटचे आकडे आणि युजरनेम झाका. मास्कची ओळ तेवढी उघडी ठेवा.