इन्फ्लमेशन म्हणजे सूज की दाह? (व्हायरल ताप, हार्मोन्स आणि मेंदूच्या निमित्तानं)

निपाणीच्या एका ताई आरोग्य खात्यात आहेत, त्यांनी विचारलंय: "कन्नड पत्रकाचं मराठी करालेय. त्यात एक वाक्य आहे, व्हायरल तापात शरीरातली हार्मोन्स मेंदूतलं उरियूत (म्हणजे इन्फ्लमेशन) कमीजास्त करतात. मी 'मेंदूची सूज' लिहिलं तर एक आजी वाचून घाबरल्याच, नातवाला मेंदूला सूज आली म्हणून. मग सूज म्हणू, दाह म्हणू की शोथ? आणि हार्मोनला संप्रेरक लिहिलं तर कुणाला कळणार काय?"

ताई, दाह लिहा. खरं सूज हा शब्द पार टाकू नका (हे 'खरं' आपलं बेळगावी, पुण्याकडच्यांनी 'पण' असं वाचावं).

आधी तो कन्नड शब्दच बघा, कारण तो फार झकास बनवलाय. उरि म्हणजे जळणं, आग. ऊत म्हणजे सुजणं, फुगणं. दोन्ही जोडून उरियूत. आपल्या मराठी विश्वकोशात याच अर्थानं 'दाहयुक्त सूज' असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली, फक्त कन्नडचा एका शब्दात बसला आणि आपल्याला दोन लागले. आणि ही युक्ती नवी नाहीच, पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं इन्फ्लमेशनची चार लक्षणं लिहून ठेवलीत: लाली, सूज, हाताला गरम लागणं आणि दुखणं. बघा, चारातलं एक सूज आहे. इन्फ्लमेशन या शब्दाच्या पोटात मात्र ज्वाळाच आहे. पाय मुरगळला, दाढ सुजली, की चारही डोळ्यांनी दिसतात नाहीतर हाताला लागतात, तिथं सूज म्हटलं तर काही बिघडत नाही.

बिघडतं ते मेंदूपाशी आल्यावर. फ्लूचा व्हायरस बहुतेक वेळा नाक, घसा, छाती एवढ्यातच असतो, मेंदूत शिरत नाही, तरी डोकं जड होतंय, भूक मरते, चार ओळी वाचल्या तर लक्षात राहत नाहीत, कुणी बोललेलं नको वाटतंय, हे सगळं मेंदूचंच काम की नाही? होतं असं की व्हायरसशी भिडलेल्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी त्यांची नावं, ते निरोप रक्तातनं आणि व्हेगस नावाच्या नसेतनं मेंदूपर्यंत पोचतात, आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी जाग्या होतात. अंगाचं तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं आणि गिझरचा काटा वर फिरवावा तसं शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकतं. म्हणून तर अंग गरम असतानाच थंडी वाजते, हुडहुडी भरते, शरीराला वाटतंय अजून काट्यापर्यंत पोचलोच नाही. पॅरासिटामॉल हेच प्रोस्टाग्लँडिन कमी करतं म्हणून ताप उतरतो.

आता यात सूज कुठं आली? मेंदू फुगलेला नाही, कवटीत दाब वाढलेला नाही, स्कॅन केला तर काही दिसणार पण नाही. आपल्याकडं याला कसर म्हणतात, कणकण म्हणतात, अंग मोडून येतंय म्हणतात. डॉक्टर लोक हे न्यूरोइन्फ्लमेशन म्हणतात आणि आपण त्याचं 'मेंदूची सूज' केलं की आजी घाबरणारच, कारण मराठीत मेंदूला सूज म्हणजे माणूस आयसीयूत. खरोखर मेंदू सुजतो ती गोष्ट वेगळी, तिथं पेशींत आणि आजूबाजूला पाणी साठतं, त्याला सूजच म्हणा.

दाह घ्यायचं माझं मोठं कारण क्रियापदाचं आहे. मराठीत ताप उतरतो, सूज ओसरते, आणि दाह शमतो. तापात कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनचं तिथं काम काय, तर शमवायचंच. सायटोकाइनचा निरोप पोचला की हायपोथॅलॅमस मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला हुकूम सोडतं, पिट्यूटरी किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कळवते, तिथनं कॉर्टिसॉल सुटतं, आणि हे कॉर्टिसॉल जाऊन पेशींना सांगतं की सायटोकाइन बनवणं आवरा आता. म्हणजे ज्यांनी हाक मारली त्यांनाच गप्प करायला हा गडी येतो. 'कॉर्टिसॉल मेंदूतला दाह शमवतं' हे वाक्य मराठी कानाला लगेच बसतंय, 'कॉर्टिसॉल सूज उतरवतं' म्हटलं की वाटतंय मलम लावालेत.

कॉर्टिसॉल सकाळी भरपूर असतं आणि रात्री कमी. दिवेलागणीला ताप चढतो असं घरोघर म्हणतात त्याचं एक कारण यात आहे, संध्याकाळी अंगाचं तापमान मुळातच थोडं वर असतं आणि दाह आवरणारं कॉर्टिसॉल तोवर उतरलेलं असतं. दुसरी बाजू पण आहे, हेच कॉर्टिसॉल फार दिवस जास्त राहिलं तर झोप आणि आठवण दोन्हीला त्रास होतो, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेला माणूस रात्री टक्क जागा राहतो, चिडचिड करतो, ते त्यातलंच.

खरं दाह म्हटला की वाईटच असा अर्थ मराठीत आपोआप चिकटतो, तेवढं पत्रकात सांभाळा. थोडा दाह लागतोच, त्याशिवाय व्हायरस आवरत नाही. २०२० साली ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी चाचणी झाली, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचाच जोरकस भाऊ, त्यानं व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं, आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. पुढं २०२१ च्या लाटेत आपल्याकडं लोकांनी हीच गोळी पहिल्या दिवसापासनं मनानंच खाल्ली, शुगर वाढली, आणि ब्लॅक फंगसला वाट मिळायला ते एक कारण झालं. उलट ज्यांची स्टेरॉइडची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, त्यांनी तापात गोळी एकदम बंद केली तर बीपी धाडकन खाली येऊ शकतं, त्यांना तर आजारात डोस वाढवावा लागतो, डॉक्टरांना विचारूनच. हे एक वाक्य पत्रकात नक्की घाला, शब्द कुठलाही वापरा.

संप्रेरक हा शब्द मला स्वतःला आवडतो. स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०५ मध्ये हार्मोन हा शब्द वापरात आणला, ग्रीकमधल्या 'चालना देणं' अशा अर्थाच्या क्रियापदावरून, आणि संप्रेरक अगदी त्याच वळणाचा आहे. खरं पत्रकात हार्मोनच लिहा. तिथंही एक अडचण आहेच, आपल्याकडं 'तिचं हार्मोन्सचं आहे' म्हटलं की लोक पाळी नाहीतर थायरॉइड एवढंच समजतात, किडनीवरच्या ग्रंथीचं कुणाच्या डोक्यात पण येत नाही. म्हणून मोघम हार्मोन्स न लिहिता नाव घेऊन कॉर्टिसॉल लिहा. थायरॉइडवाले पण यात येतात म्हणा, व्हायरल तापानंतर काहींची थायरॉइड ग्रंथी दुखते, सुजते, साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं आणि छातीत धडधडतं, आणि तिथं मात्र सूज शब्द बिनधास्त. बायकांचं आणि पुरुषांचं इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉन पण दाहावर परिणाम करतं, कोविडमध्ये पुरुष जास्त दगावले त्यामागं हार्मोन्स हे अनेकातलं एक कारण धरतात, खरं ते एका पानात कोंबू नका.

शोथ नको. कोशात आहे, यकृतशोथ वगैरे, खरं बोलण्यात कुणाच्या नाही आणि डीटीपीवाला त्याचा हमखास 'शोध' करतो, मग मेंदूशोध वाचून लोक काय समजतील सांगता येत नाही.

राहिला मेंदूज्वर. तो एन्सेफलायटिससाठी राखून ठेवा, म्हणजे जिथं खरंच मेंदूच्या आतच भानगड आहे. खानापूरच्या जंगलाला लागून गोव्याचा सत्तरी, पलीकडं दोडामार्ग, तिथं माकडताप माहीत आहे, कन्नडात मंगन कायिले, १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. त्यात काही जणांचा ताप उतरून आठवडाभरानं परत येतो, आणि त्या दुसऱ्या खेपेला डोकं फुटायला लागतं, मान आखडते, माणूस भ्रमिष्टासारखं करतो. जुनी माणसं तापात बरळणाऱ्याला 'वात झालाय' म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसाला नुसत्या तापानं पण तसं होतं, खरं कुठला वात साधा आणि कुठला मेंदूज्वर हे घरी बसून कळत नाही. म्हणून पत्रकात माझ्या मते दोन वाक्यं अशी टाका: "तापात मेंदूत सौम्य दाह होतो, त्यामुळं मरगळ येते, भूक लागत नाही, आणि शरीरातलं कॉर्टिसॉल तो दाह आवरतं. मान आखडली, झटके आले, माणूस बरळायला लागला किंवा हाकेला ओ देईना तर मेंदूज्वर असू शकतो, लगेच दवाखान्यात न्या." दुसरं वाक्य जाड अक्षरात.