'द मॅन फ्रॉम अंकल'सारखे १९६३ सालचे कपडे नागपुरात शिवून मिळतील का? त्या कपड्यांत नेमकं 'रेट्रो' काय आहे?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मित्राचं रिसेप्शन आहे, लॉनवर, आणि त्याने पाहुण्यांना साठच्या दशकातल्या हेरपटासारखं नटून यायला सांगितलंय. तुम्ही आणि तुमच्या बहिणीने हा चित्रपट पाहिला, कपड्यांनी वेड लावलं, पण ते जुने का वाटतात आणि तरीही इतके देखणे का दिसतात हे काही हाती लागत नाही. शिवाय इथला टेलर ते करेल का, ही शंका आहेच.

करेल, आणि छान करेल. मी नागपुरात हौशी रंगभूमीसाठी वेशभूषा करते. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर जुन्या काळातलं नाटक आलं की कपड्यांचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं, आणि ते सगळं मी इथेच, महाल आणि सीताबर्डीतल्या कारागिरांकडून शिवून घेते. हात त्यांचा तयार असतो. त्यांना काय सांगायचं एवढंच आपल्याला ठाऊक असावं लागतं.

पहिली गोष्ट, दशक नाही, साल ठरवा. 'रेट्रो' म्हटलं की भाड्याच्या कपड्यांचा दुकानदार ठिपक्यांचा शर्ट, रुंद कॉलर आणि बेलबॉटम पुढे करतो. ते १९७३. तुमचा चित्रपट घडतो १९६३ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना. या दहा वर्षांत पुरुषांच्या कपड्यांचा सगळा तोल उलटला. १९६३ ची लॅपल, म्हणजे कोटाची छातीवर उलटी दुमडलेली पट्टी, अडीच-पावणेतीन इंचांची, टाय दोन-अडीच इंचांचा, पँटची मोहरी, म्हणजे पायाशी असलेला घेर, पंधरा-सोळा इंच. सत्तरच्या दशकात लॅपल चार इंचांवर जाते, टाय तसाच फुगतो आणि मोहरी बुटाला झाकून टाकते. ही दोन सालं एका अंगावर आली की काळ मरतो आणि फॅन्सी ड्रेस उरतो.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच कोणी पाहत नाही. सगळे लॅपल आणि टाय पाहतात. साठचं दशक खरं तर कमरेत असतं.

१९६२ चा जेम्स बाँडपट 'डॉक्टर नो' पाहा. त्याचे दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी शॉन कॉनरीला आपल्या स्वतःच्या टेलरकडे नेलं होतं, लंडनच्या कॉन्ड्यूट स्ट्रीटवरच्या अँथनी सिंक्लेअर यांच्याकडे. त्या रस्त्याच्या नावावरूनच त्या बेताला पुढे 'कॉन्ड्यूट कट' म्हणू लागले. त्या सुटात काय आहे? छातीला भरपूर जागा, कमरेला हलका आत घेतलेला कोट, मऊ खांदे. आणि पँट खऱ्या कमरेवर, म्हणजे बेंबीच्या जवळ बसणारी. पुढे दोन-दोन प्लेट्स, म्हणजे चुण्या, आणि बेल्ट नाही! बाजूला बटणांच्या छोट्या पट्ट्या असतात, त्यांनी कंबर कमी-जास्त करायची. त्यामुळे कोटाचं बटण जिथे लागतं तिथेच पँट सुरू होते. मध्ये पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण दिसत नाही, बेल्टचं बक्कल चमकत नाही. खांद्यापासून बुटापर्यंत एक सलग रेघ जाते. पाय लांब दिसतात, माणूस उंच दिसतो.

आता गेल्या पंधरा-वीस वर्षांतला सूट आठवा. लॅपल तशीच बारीक, टायही बारीक, पण पँट कुल्ह्यांवर टेकलेली आणि कोट इतका आखूड की सीट उघडी. म्हणून बारीक टाय लावलेली माणसंसुद्धा १९६३ ची वाटत नाहीत. कोट सीट झाकेल इतका लांब हवा आणि पँटचं आसन, म्हणजे जांघेपासून कमरेपर्यंतचा भाग, उंच हवं, एवढं साधलं की अर्धं काम झालं.

टेलर इथे अडेल. "इतकी वर पँट आता कोणी घालत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. मोबाइलवर चित्रपटातलं दृश्य दाखवलं तरी तो मान डोलावतो आणि माप घेताना टेप सवयीने खालीच धरतो. त्यावर माझा उपाय असा, घरातला आजोबांचा फोटो काढायचा. साठच्या दशकात बर्डीवरच्या किंवा इतवारीतल्या स्टुडिओत उभं राहून काढलेला फोटो नागपूरच्या कितीतरी घरांत आहे. साधा कारकून असला तरी पँट बघा कुठे बसली आहे. तो फोटो टेलरच्या टेबलावर ठेवला की वाद संपतो, कारण वयस्क कारागीर स्वतः कधीतरी तशीच पँट शिवायला शिकलेला असतो. त्याला 'पुढे प्लेट, आसन उंच, बेल्टच्या लुप्या नकोत, बाजूला पट्टी' असं सांगा. त्याचे डोळे चमकतात, हे मी पाहिलंय.

आता तुमच्या चित्रपटाकडे. २०१५ चा गाय रिची यांचा हा चित्रपट १९६४ ते १९६८ या काळात चाललेल्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेला आहे आणि त्याची वेशभूषा जोआना जॉन्स्टन यांची आहे. मला तो इतका आवडतो कारण त्यात प्रत्येकाचे कपडे हे त्याचं सोंग आहे. नेपोलियन सोलो अमेरिकन हेर, पण पूर्वाश्रमीचा उंची वस्तूंचा चोर. म्हणून त्याला अमेरिकन ढगळ सूट नाही दिला, तर इंग्रजी धाटणीचे थ्री-पीस, म्हणजे कोट-पँटसोबत वेस्टकोट असलेले सूट दिले. सोलो झालेल्या हेन्री कॅव्हिलचे हे सूट लंडनच्या टिमथी एव्हरेस्ट या टेलरनी शिवले आहेत. हा माणूस युरोपात फिरून चांगलं काय ते ओळखायला शिकला, हे तो तोंड उघडण्याआधी त्याचा वेस्टकोट सांगतो. इलिया कुर्याकिन रशियन. त्याच्या अंगावर गळाबंद स्वेटर, तपकिरी स्वेडचं जॅकेट, डोक्यावर चपटी टोपी. टाय नाही, चमक नाही. साल एकच, पण दोन दुनिया. दोघं एका चौकटीत उभे राहिले की शीतयुद्ध वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

आणि गॅबी. पूर्व बर्लिनमध्ये गाड्या दुरुस्त करणारी मुलगी, तेलकट ओव्हरऑलमध्ये. तिला इलियाची वाग्दत्त वधू म्हणून रोमला न्यायचं असतं, तेव्हा बुटीकमध्ये तिच्या कपड्यांवरून हे दोन हेर भांडतात. सोलोचं म्हणणं, पातूच्या ड्रेसवर पाको राबानचा बेल्ट चालत नाही (दोन्ही पॅरिसच्या फॅशनमधली नावं). इलिया ठामपणे सांगतो, जुळायलाच हवं असं नाही. या एका प्रसंगात सबंध दशकाचा झगडा आहे. सगळं जुळलेलं असावं ही पन्नासच्या दशकाची शिस्त, आणि मुद्दाम न जुळवणं ही येऊ घातलेली नवी रीत. गंमत अशी की पाको राबान यांचं नाव गाजलं ते १९६६ च्या धातू-प्लास्टिकच्या ड्रेसेसमुळे. गॅबीच्या पोशाखांतले सरळ, भौमितिक आकार आणि पांढऱ्याशेजारी ठळक रंग पाहिले की मला फ्रेंच डिझायनर आंद्रे कुरेज यांच्या १९६४ च्या अंतराळयुगी कपड्यांची आठवण येते. म्हणजे चित्रपट सालाच्या थोडा पुढे धावतो. मला ते खटकत नाही. हेराने काळाच्या अर्धं पाऊल पुढे दिसावं, हे पात्राला शोभतं. पुरुष १९६३ चे आणि ती किंचित उद्याची, या फरकामुळेच ती त्या दोघांत उठून दिसते.

तेव्हा तुमच्या बहिणीसाठी: सरळ, वरून खाली किंचित रुंद होत जाणारा ए-लाइन ड्रेस, गुडघ्याच्या जरा वर, कंबर न आवळता. सगळं यश कापडाच्या ताठपणात आहे. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप अंगावर गळतात आणि आकार हरवतो. गांधीबागेतल्या कापडबाजारात जाड कॉटन सॅटिन किंवा रॉ सिल्क मागा, आत पूर्ण अस्तर लावा, आणि दोनच सपाट रंग घ्या. भरतकाम, टिकल्या, लेस काही नको. पांढऱ्या फ्रेमचा मोठा गॉगल दिवसा, रात्री फक्त कानात मोठ्या रिंगा.

पण तिला गुडघ्यावरचा ड्रेस नको असेल, तर दुसरी वाट तितकीच अस्सल आहे, किंबहुना मला ती जास्त आवडते. १९६५ च्या 'वक्त'मध्ये साधनाने घातलेला अंगासरशी कुर्ता आणि तंग चुडीदार. ते काम भानू अथैया यांचं, कोल्हापूरच्या. पुढे 'गांधी'साठी त्यांना ऑस्कर मिळालं. तसा बिनबाह्यांचा तंग कुर्ता, केसांचा उंच फुगा आणि डोळ्यांत बाहेर ओढलेलं काजळ. १९६५ मध्ये नागपूरहून मुंबईच्या विमानात बसलेली एखादी हेर असती तर ती अशीच दिसली असती, इटालियन कोट घालून नव्हे. आपल्याकडेही त्या काळात हेरपट निघतच होते. जितेंद्रचा 'फर्ज' १९६७ चा, एजंट ११६. रामानंद सागर यांचा 'आंखें' पुढच्याच वर्षीचा, १९६८. तुमच्या मित्राने फक्त 'हेरपट' म्हटलंय, परदेशी असायला हवा असं म्हटलेलं नाही.

तुमच्या कापडाबद्दल. साठच्या दशकातलं सुटाचं कापड वजनदार असायचं, मीटरला साडेतीनशे-चारशे ग्रॅम सहज. त्या वजनामुळे पँटची घडी दिवसभर टिकायची आणि कोट चुरगळायचा नाही. आज दुकानात अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं मिळतं, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि वजनदार सुटात माणूस घुसमटेल. तुमचा प्रसंग डिसेंबरातला, रात्रीचा, उघड्या लॉनवरचा. हीच संधी आहे. टेरीवूल, म्हणजे लोकर आणि पॉलिस्टरचं मिश्र कापड घ्या, हाताला भरीव लागेल असं. राखाडी किंवा गडद निळं, चौकडा असलाच तर इतका फिका की चार पावलांवरून दिसू नये. थ्री-पीसला साधारण साडेतीन मीटर लागेल. गांधीबागेतल्या जुन्या व्यापाऱ्याला 'ताठ पडणारं दाखवा' म्हटलं की तो बरोबर गठ्ठा काढतो. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली तेव्हापासून हे गाव कापड बोटांनी ओळखतंय. चकाकणारं पॉलिस्टर मात्र घेऊ नका, लॉनवरच्या दिव्यांत ते फोटोत पांढरं पडतं.

सूट परवडत नसेल तर इलिया व्हा. गळाबंद काळा किंवा करडा स्वेटर, उंच आसनाची गडद पँट, साधं तपकिरी जॅकेट. खर्च कितीतरी कमी, आणि थंडीही भागते. सडपातळ, उंच माणसाला हे सोलोपेक्षा जास्त शोभतं असं माझं मत आहे. पोट थोडं सुटलं असेल तर थ्री-पीसच घ्या, वेस्टकोट सगळं सावरून धरतो.

घड्याळ लहान हवं. आजच्या बेचाळीस-चव्वेचाळीस मिलीमीटरच्या तबकड्या त्या काळाच्या मनगटावर बसत नाहीत. पस्तीसच्या आसपासचं, चावी द्यायचं, चामड्याच्या पट्ट्याचं शोधा. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली ती साठच्या दशकाच्या तोंडावरच, त्यामुळे घरात कुणाची जुनी एचएमटी असेल तर तीच बांधा. इलियाच्या हातावरही त्याच्या वडिलांचं घड्याळ असतं, आणि त्या घड्याळासाठी तो काय काय करतो ते तुम्ही पाहिलंच आहे.

बूट साधे काळे, लेसचे, पुढून निमुळते पण टोकदार नव्हेत. केस बाजूला भांग पाडून, कानावर न येणारे.

वेळेचं बघा. तुळशीच्या लग्नानंतर टेलरकडे रांग लागते आणि मग ट्रायल नावापुरती उरते. दिवाळीच्या आधी कापड देऊन मोकळे व्हा आणि दोन ट्रायल होतील असं आधीच ठरवून घ्या, पहिली बाह्या लागण्यापूर्वी. ट्रायलला जाताना रिसेप्शनचेच बूट घाला, म्हणजे मोहरीची लांबी बरोबर ठरेल. आणि बहिणीला सोबत न्या, तिला तुमचा एक फोटो बाजूने काढायला सांगा. कोटाची लांबी आणि पँटचं आसन समोरून कळत नाही, बाजूनेच कळतं.