रिव्हॉल्वर हेही पिस्तूलच

प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर कमरेला लावत त्याला ‘पिस्तूल’ म्हणायचं की ‘रिव्हॉल्वर’? आणि वैद्यकीय पथकाला मुळात शस्त्र चालतं कसं?

आधी एक काटा काढू. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे रुग्णवाहिका नव्हे, ती सैन्याची तुकडी असते: सर्जन, शुश्रूषक, स्ट्रेचर उचलणारे असे सगळे त्यात. २३ मार्च १९५१ रोजी कोरियात मुन्सान-नी इथे आपल्या ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी उडी घेतली. तिचं भाषांतर ‘पॅराशूट रुग्णवाहिका’ असं केलं की विमानातून गाडीच सोडल्यासारखं वाटतं.

शस्त्राचं उत्तर १९२९च्या जिनिव्हा कराराच्या आठव्या कलमात आहे. स्वतःच्या आणि ताब्यातल्या जखमींच्या बचावापुरतं शस्त्र चालतं. जखमींकडून काढलेली, अजून जमा न केलेली हत्यारं पथकाकडे सापडली तरी संरक्षण जात नाही. म्हणजे ड्रेसिंग स्टेशनच्या, जखमींवर उपचार होतात त्या जागेच्या, कोपऱ्यात स्टेनगनांचा (ब्रिटिश सबमशीनगन) ढीग असणं बेकायदा नाही, पण धोक्याचं नक्की. भरलेली स्टेन दस्त्यावर आपटली की बोल्ट झटक्याने मागे जातो, परतताना काडतूस उचलतो आणि गोळी सुटते. म्हणून हातात आल्याबरोबर आधी मॅगझिन काढायचं.

आता शब्द. ‘पिस्तुलाला मॅगझिन लागतं, रिव्हॉल्वर वेगळं’ असं दरडावून सांगणाऱ्यांनी ब्रिटिश लष्कराची नामावली पाहावी. .३८च्या एनफील्डचं अधिकृत नावच ‘पिस्टल, रिव्हॉल्वर, नं. २’. सहा घरांचं सिलिंडर, खटका दाबून नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. पिस्तूल ही जात, रिव्हॉल्वर ही पोटजात. दोन्ही बरोबर.

पण हा ‘त’ आला कुठून? पिस्तूल इंग्रजीतून आलं असं सांगणारे कान देऊन ऐकत नाहीत. इंग्रजी ‘ट’ मराठीत बहुधा ‘ट’च राहतो: स्टेशन, हॉस्पिटल. पोर्तुगीज ‘त’ दंत्य. ‘मेस्त्रे’चा मेस्त्री झाला, ‘ओस्पिताल’चं इस्पितळ झालं, तसं ‘पिस्तोला’चं पिस्तूल. पोर्तुगीजमधून आलेला बटाटा आणि इंग्रजीतून आलेला मास्तर या नियमाला आडवे येतात, येऊ देत. इस्पितळ आणि पिस्तूल एकाच गलबतातून उतरले असं मानायला मला आवडतं.

पोर्तुगिजांच्याही मागे जा. कोशकारांचा एक गट इटलीतल्या पिस्तोया गावाकडे बोट दाखवतो. तिथे ‘पिस्तोलेसे’ नावाचा खंजीर घडत असे. खंजिराचं नाव बंदुकीला चिकटलं ही ओढाताण मला पटत नाही. खरी वाट जर्मनमार्गे चेक भाषेत पोचते. ‘पीश्त्याला’ म्हणजे शिट्टी, पावा, पोकळ नळी. १४१९ ते १४३४च्या हुसाइट युद्धांत, म्हणजे चेक धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या लढायांत, गाड्यांचा कोट करून लढणाऱ्यांनी हातातल्या तोफेला हेच नाव दिलं. ती कमरेला लटकवायची चीज नव्हती, लांब दांड्यावर बसवलेली नळी होती.

हॉवित्झर त्याच लोकांच्या ‘होउफ्नित्से’वरून आलं. ‘होउफ’ म्हणजे जमाव, आणि जमावावर डागायची ती तोफ.