कोंबडीचा हिशेब

प्रिय पोरी,

मलावीतल्या प्रकल्पावर जायला तुझा व्हिसा झाला, तिकीट निघालं, सगळं छान. पण जानेवारीत तिथल्या राजधानीत, लिलाँग्वेला उतरणार हे वाचलं आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. मलावीत नोव्हेंबरच्या आसपास पाऊस धरतो, मका पेरतात आणि तो हाती येतो एप्रिल-मेमध्ये. तू पोचशील तेव्हा शेतं हिरवीगार असतील, फोटो सुंदर येतील आणि घरामागची न्खोक्वे तळापर्यंत रिकामी असेल. न्खोक्वे म्हणजे आपली कणगीच, फक्त खुंटांवर उभी केलेली. काही घरांत मदेया शिजत असेल, मक्याचा कोंडा. एरवी तो कोंबड्यांना घालतात.

अशा घरात तू पाहुणी म्हणून जाणार आणि ती माणसं तुझ्यासाठी कोंबडी कापणार. नको म्हणायचं नाही. मी तिथे कामाला होते तेव्हा पहिल्याच महिन्यात एकदा म्हटलं, अगदी पोटतिडकीनं, "पोरांसाठी ठेवा" वगैरे. घरातली म्हातारी उठून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर मुकाट्यानं जेवायला शिकले आणि एक वही घातली. कुठलं गाव, कुठला महिना, कोणाच्या घरी कोंबडी पडली, एवढंच लिहायचं. वर्षाअखेरीला मोजल्या तर 43 भरल्या. त्यातल्या 19 जानेवारी ते मार्चमधल्या. लाज वाटली. पुढच्या वर्षी घरभेटी मे महिन्यानंतर ठेवल्या आणि जाताना साखर, मीठ, साबण घेऊन जायला लागले. तिथे ती रीतच आहे, मला कोणी सांगितलं नव्हतं इतकंच.

ही वही तूही घाल. कारण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तुला गाडी, डिझेल, प्रशिक्षण, बॅनर सगळं सापडेल, पण गावानं काय घातलं ते कुठे मांडलेलं नसतं. असलंच तर "लोकसहभाग" या एका शब्दात. शाळेची खोली बांधायची तर विटा गावानं पाडायच्या, भट्टी लावायची, वाळू आणायची. वाळू आणतात बायका, नदीवरून, डोक्यावर बादली घेऊन. त्या खेपा कोणी मोजत नाही. मी एकदा कोनशिलेवर देणगीदाराचं नाव वाचत उभी होते. शेजारच्या बाईनं स्वतःच्या मानेवर हात फिरवून दाखवला आणि हसली.

लोकांना श्रमाचं वावडं नाही, हेही सांगते. 1968 पासून दक्षिण मलावीतल्या गावांनी डोंगरावरचं पाणी खाली आणण्यासाठी मैलोन् मैल चर स्वतः खणले. पेरणीच्या दिवसांत सभा लावलीस आणि बायका आल्या नाहीत, तर अहवालात "उदासीनता" लिहू नकोस. त्या शेतात आहेत. सभेच्या दिवशी मयत झालं, तर सभा विसरायची. कमरेला चिटेंजे, म्हणजे तिथल्या बायका नेसतात ते कापड, गुंडाळून बायकांमध्ये जमिनीवर बसायचं, बोलायचं काही नाही.

आता माझी चूक. ही मी आजवर फारशी कोणाला सांगितलेली नाही.

तिथे गावपातळीवर सरकारचा एक आरोग्य कार्यकर्ता असतो, हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट. सगळे एचएसए म्हणतात. साधारण हजार माणसांमागे एक असं सरकारी गणित, प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला त्याहून बरीच जास्त. लसीकरण त्याच्याकडे, विहिरीत क्लोरीन त्याच्याकडे. 2008 पासून पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, न्यूमोनिया, जुलाब यांवरचा पहिला उपचारही बऱ्याच ठिकाणी त्याच्याकडेच. आमच्या भागातला एचएसए तिशीतला, शांत माणूस होता. बाळ आईच्या मांडीवर, अंगातला सदरा वर केलेला, आणि हा टायमर लावून छातीची हालचाल मोजतोय. दोन महिन्यांपुढचं पण वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त, त्यावरचं असेल तर 40, म्हणजे श्वास जलद. बाळ रडलं की थांबायचा, शांत झालं की पुन्हा एकपासून. मी शिकवलेल्या कित्येक नर्सेसना एवढा धीर नव्हता. (तुझ्या बॅचमध्ये दोघींना होता. त्यातली एक तू.)

मला तो इतका आवडला की मी त्याला आमच्या प्रकल्पात सुपरवायझर म्हणून घेतलं. तिप्पट पगार, मोटारसायकल. तो खूश, मी खूश, मुख्य कार्यालय खूश. त्याच्या जागी दुसरा माणूस यायला 14 महिने लागले. तोवर औषधांची लाकडी पेटी कुलपात आणि ताप भरलेलं पोर पाठीला बांधून बाया 11 किलोमीटर चालत आरोग्य केंद्रात. आमच्या अहवालात त्या वर्षी "स्थानिक नेतृत्वविकास" असा परिच्छेद आहे. मीच लिहिलेला.

म्हणून तिथल्या चांगल्या माणसावर नजर पडली की हात आखडता घे. एचएसए असो, शिक्षक असो. शिक्षकाबाबत तर जास्तच. 1994 मध्ये मलावीनं प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि पटावरची मुलं सुमारे 19 लाखांवरून 29 लाखांच्या आसपास गेली. वर्ग आणि मास्तर त्या वेगानं कुठून येणार? पहिलीच्या वर्गात शंभराहून जास्त पोरं, झाडाखाली, मातीत बोटानं अक्षर गिरवताना तू बघशील. तिथला एक शिक्षक तुझ्या तीन दिवसांच्या कार्यशाळेला आला, तर ती शंभर पोरं तीन दिवस मोकळी. तो येईलच, कारण भत्ता मिळतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, पगारात भागत नाही त्याचं. कार्यशाळा सुट्टीत घे, नाहीतर घेऊच नकोस.

रजिस्टरांचंही तेच. प्रत्येक संस्थेला स्वतःचं हवं असतं. त्या एचएसएकडे माझ्या वेळी सात होती, सातवं माझं. खरं तर तिथे प्रत्येक माणूस आपली आरोग्यपुस्तिका स्वतः जपतो, हेल्थ पासपोर्ट म्हणतात तिला. आंब्याच्या फांदीला तराजू टांगून बाळांची वजनं करतात, तेव्हा आया प्लास्टिकच्या पिशवीतून ती हळूच काढून देतात. तुला हवी ती निम्मी माहिती तिच्यात आधीच लिहिलेली असते.

एक मोह तुला होणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. "आमच्या जामखेडला" अशी सुरुवात करू नकोस. आरोळे डॉक्टर दांपत्यानं 1970 पासून तिथे उभं केलेलं गावागावातल्या आरोग्याचं काम मोठंच आहे, पण ऐकणाऱ्याला ते सासूनं माहेरचं कौतुक सांगावं तसं लागतं. हातपंपापाशी मात्र तुला थोडी मुभा आहे. जगभर गेलेल्या इंडिया मार्क टूची पाळंमुळं जालना आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांच्या पंपांत आहेत, हे तिथल्या मेकॅनिकला सांग, तो खूश होतो. मग तो तुला त्यांचा आफ्रिडेव्ह पंप दाखवेल. तो एका पान्यानं उघडतो. गावातल्या दोन बायका सील बदलताना मी पाहिल्यात. सील मिळण्याचं दुकान किती लांब आहे, ते तेवढं विचारून घे.

दारात उभं राहून "ओडी" म्हणायचं, आतून "ओडीनी" आलं की मगच पाऊल टाकायचं. तुला ते अम्वेन्ये म्हणतील, म्हणजे आपण भारतीय. तिथे अम्वेन्ये म्हणजे बहुतेक दुकानदार, तेव्हा भाव विचारायला लोक आले तर रागावू नकोस.

वही मात्र आठवणीनं घे, साधी दोनशे पानी. पहिली कोंबडी कोणाच्या घरी पडली ते कळव. येताना चिटेंजे आणू नकोस, माझ्याकडे नऊ आहेत. थ्योलोचा चहा आण, अर्धा किलो.

तुझी,
बाई