पेंग्विनची वसाहत पाहायची असेल तर आधी जहाजावरील प्रवाशांची संख्या विचारा

गंगापूर रोडवरील ताईंनी विचारले आहे की, पुढच्या हंगामात सत्तरीच्या घरातील वडिलांना घेऊन अंटार्क्टिकाची जहाजसफर करायची आहे आणि पेंग्विनची वसाहत जवळून पाहणे हाच मुख्य हेतू आहे. तर कोणते जहाज निवडावे, कोणता महिना बरा आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे झेपेल का. मी ही सफर केलेली असल्याने माहितीपत्रकात ज्या गोष्टी ठळक छापल्या जात नाहीत, त्यांवरच अधिक लिहितो.

आपल्याकडे चौकशी करताना पहिला प्रश्न शाकाहारी जेवणाचा असतो. तो रास्तच आहे, परंतु त्याआधी जहाजावर प्रवासी किती असतील हे विचारावे. अंटार्क्टिकात सफरी नेणाऱ्या कंपन्यांची ‘आयाटो’ ही संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमानुसार एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून तर कोणालाच उतरता येत नाही. म्हणजे दोनशे प्रवाशांच्या जहाजावर अर्धे लोक किनाऱ्यावर असताना उरलेले रबरी झोडियाक बोटीतून फिरत असतात किंवा पाळीची वाट पाहतात, आणि महाकाय जहाजाचे स्वस्त तिकीट काढले तर वसाहत केवळ डेकवरून, दुर्बिणीतून दिसते. ‘अंटार्क्टिका दर्शन’ एवढ्याच शब्दांवर पैसे भरणारे लोक मी पाहिले आहेत; प्रत्यक्ष किनाऱ्यावर उतरवणार का, हे लेखी घ्यावे.

जाहिरातीतील छायाचित्रांविषयीही सावध करतो. त्यांत बहुधा रुबाबदार सम्राट पेंग्विन असतो, पण अर्जेंटिनातील उश्वाया बंदरातून निघून अंटार्क्टिकाच्या वाटेवरची ड्रेक सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या नेहमीच्या सफरीत त्याची वसाहत दिसत नाही. तो ऐन हिवाळ्यात समुद्रावरील बर्फावर अंडी घालतो आणि स्नो हिल बेटाजवळच्या त्याच्या वसाहतीपर्यंत जाण्यासाठी बर्फफोडे जहाज आणि हेलिकॉप्टर लागते. राजा पेंग्विनच्या अफाट वसाहती दक्षिण जॉर्जिया बेटावर आहेत आणि ती सफर बरीच लांब व महाग असते. तुम्हाला भेटतील ते प्रामुख्याने तीन: नारिंगी चोचीचा व डोक्यावर पांढरा पट्टा असलेला जेंटू, हनुवटीखाली काळी बारीक रेघ असलेला चिनस्ट्रॅप आणि डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला अडेली. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला हवामान उबदार होत चालल्याने अडेली कमी होत आहेत आणि जेंटू दक्षिणेकडे सरकत आहेत, त्यामुळे कूव्हरव्हिल बेट किंवा नेको हार्बर येथे जेंटूच पाहायला मिळतील. अर्थात अमुक ठिकाणी उतरणारच, असे वचन कोणीही देऊ शकत नाही. वारा आणि बर्फ पाहून ठिकाण ऐन वेळी बदलते.

महिन्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य. नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ असतो आणि घरट्यांची लगबग दिसते. फेब्रुवारीत व्हेल भरपूर दिसतात, पण वसाहतीत चिखल आणि पिसे झडणारे मरगळलेले पक्षी असतात. या दोन्हींच्या मधल्या काळात अंडी फुटत असतात. जेंटूचे घरटे म्हणजे खड्यांची रास. नर चोचीत एक खडा धरून डुलत येतो, वाकून तो मादीपुढे ठेवतो, ती तो जागेवर सरकवते, आणि तेवढ्यात मागच्या घरट्यातील शेजारी मान लांब करून दुसऱ्या बाजूचा खडा शांतपणे काढून नेतो. वर स्कुआ पक्षी घिरट्या घालत असतो, कारण पालक क्षणभर उठला की अंडे किंवा पिल्लू उचलायला त्याला तेवढा वेळ पुरतो.

पेंग्विनपासून पाच मीटर अंतर राखण्याचा नियम आहे, त्याचे कारण येथेच आहे. नांदूरमध्यमेश्वरला आपण बांधावर जरा पुढे सरकलो की चक्रवाक उडून जातात आणि आपली चूक आपल्याला लगेच कळते. पेंग्विन असे काही कळू देत नाही. त्याच्यावर झडप घालणारे बिबट्या सील समुद्रात असतात, जमिनीवर मोठ्या पक्ष्याला शत्रू नाही. म्हणून तो माणसाला पाहून पळत नाही, आणि न पळणारा पक्षी घाबरलेला नाही असे आपण उगाच धरून चालतो. समुद्राकडे जाण्यासाठी त्यांनी बर्फात तुडवून खोल वाटा केलेल्या असतात. त्या अडवू नयेत आणि पक्षी येत असेल तर थांबून त्याला आधी जाऊ द्यावे. एका जागी स्थिर उभे राहिल्यास तेच कुतूहलाने जवळ येतात, आणि त्यात नियम मोडत नाही.

आता वडिलांच्या गुडघ्यांविषयी. बर्ड फ्लूच्या धास्तीने किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे आणि पिशवी जमिनीवर ठेवणे यांना मनाई आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोहोचल्याचे निश्चित झाल्यापासून यात सूट मिळत नाही. म्हणजे तासभर उभेच राहावे लागेल, तेही गोट्यांवर किंवा भुसभुशीत बर्फावर. धक्का नसतो, बोटीच्या कडेवर बसून पाय फिरवायचे आणि घोट्याहून वर येणाऱ्या पाण्यात उतरायचे. पांडवलेणीच्या पायऱ्या काठीच्या आधाराने त्यांना न बसता चढता-उतरता येत असतील, तर झेपेल असे मी म्हणेन. न जमल्यास झोडियाकमधून किनाऱ्यालगत फिरण्यातही पाण्यातून उसळ्या मारणारे पेंग्विन फार जवळून दिसतात. किनाऱ्यावर शौचालय नसते आणि खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे त्यांना मधुमेह असल्यास जहाजावरील डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

थंडीचा बाऊ करू नये. डिसेंबर-जानेवारीत तेथे उन्हाळा असतो आणि तापमान शून्याच्या आसपास असते. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या पहाटेपेक्षा फार खाली नाही. त्रास वाऱ्याचा आणि ओल्या हातमोज्यांचा होतो, म्हणून हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. वासाची मात्र तयारी ठेवावी: क्रिल हे कोळंबीसारखे छोटे जीव खाऊन गुलाबी झालेल्या विष्ठेचा अमोनियासारखा उग्र दर्प किनारा दिसण्याआधीच येतो आणि कपड्यांना चिकटतो.

सॅक आणि बूट घरीच साफ करावेत. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या भटकंतीत वेल्क्रोच्या पट्ट्यांत अडकलेली कुसळे चिमट्याने एकेक उपटून काढावी लागतात, कारण जहाजावर प्रत्येकाचे सामान तपासतात आणि बी आढळल्यास ते निघेपर्यंत सोडत नाहीत. पोआ अॅनुआ नावाचे परके गवत तेथे आधीच रुजलेले असल्याने ही कडक तपासणी योग्यच आहे.

उरलेले थोडक्यात. ड्रेक ओलांडायला जाताना-येताना सुमारे दोन-दोन दिवस लागतात. समुद्र लागू नये यासाठीचे औषध नेहमीच्या डॉक्टरांना विचारून, लाटा सुरू होण्याआधी घ्यावे. विमा घेताना दुर्गम भागातून रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचावे. दक्षिण अमेरिकेतून परतताना पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते; लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि वय साठीच्या पुढे असल्यास ती द्यावी की नाही हे आधी डॉक्टरांनी ठरवायला हवे, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वीच त्यांना भेटावे.