बधिर हात दुखतो कसा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात माझ्या उजव्या खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या. शस्त्रक्रियेनंतर कोपर वाकू लागले आहे. मनगटाखालचा हात मात्र अजून बधिर आहे, सुई टोचली तरी कळत नाही. तोच हात रात्रंदिवस भाजल्यासारखा जळतो आणि दिवसातून अनेकदा विजेचा झटका बसावा तशी कळ बोटांत येते. नसांच्या तपासणीच्या अहवालात हाताच्या संवेदनेच्या नसा चांगल्या असल्याचे लिहून आले, तेव्हापासून घरचे म्हणतात की हा मनाचा खेळ आहे. कामात गुंतलो की दुखणे थोडे कमी होते, त्यामुळे मलाही शंका येते. हे दुखणे खरे आहे का, आणि ते कधी थांबेल?

उत्तर : दुखणे खरे आहे. आपण केलेले वर्णन इतके ठराविक आहे की नस कोणत्या जागी तुटली असावी याचा अंदाज त्यावरूनच येतो. हाताच्या नसा मानेतील मज्जारज्जूतून पाच मुळांनी निघतात. अपघातात डोके एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला जोराने ताणला गेला, तर ही मुळे मज्जारज्जूतूनच उपटून येऊ शकतात. संवेदना वाहणाऱ्या पेशींची गाठ मज्जारज्जूच्या बाहेर, त्याच्या लगत असते. मूळ या गाठीच्या आतल्या बाजूला तुटले तर गाठ आणि हातातील तंतू एकमेकांना जोडलेलेच राहतात. तंतू जिवंत असल्यामुळे तपासणीच्या यंत्राला तो संदेश वाहताना दिसतो, पण तो संदेश पुढे मज्जारज्जूत पोहोचत नाही. बधिर हाताच्या संवेदनेच्या नसांचा अहवाल चांगला येणे ही मूळ उपटले गेल्याची खूणच मानली जाते. घरच्यांना तो अहवाल अवश्य दाखवावा, आणि त्याचा हा अर्थ आपल्या डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर वदवून घेता आला तर अधिक चांगले.

आता जळजळ कोठून येते ते पाहू. हाताकडून येणारे संदेश बंद पडले तरी ते घेणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी गप्प बसत नाहीत. काही काळाने त्या आपोआप आणि वेळीअवेळी उत्तेजित होऊ लागतात. त्यांच्याकडून आलेली प्रत्येक खबर हाताचीच आहे, असे मेंदू पूर्वीच्या सवयीने धरून चालतो. म्हणून ज्या बोटांना स्पर्श कळत नाही त्याच बोटांत कळ उठते. अशा दुखण्याची नोंद जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात सिलास वेअर मिचेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नसांना गोळी लागलेल्या सैनिकांच्या वेदनेचे वर्णन १८६४ साली प्रसिद्ध केले. जखम भरून आल्यावरही कित्येकांच्या हाताची आग होत राहिली, आणि ते हात सतत ओल्या कापडात गुंडाळून ठेवत. त्या सैनिकांच्या वाट्यालाही ढोंगाचा संशय आलाच.

कामात गुंतल्यावर दुखणे कमी होते, ही आपल्या मनातील शंकेची खरी जागा दिसते. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे काही मार्ग वेदनेचे संदेश वाटेतच दाबू शकतात, आणि लक्ष दुसरीकडे लागले की ते अधिक कार्यक्षम होतात. मज्जारज्जूत वेदनेचा संदेश कमीजास्त होऊ शकतो, हा सिद्धान्त रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्याच्या तपशिलात पुढे बदल झाले, तरी गाभा टिकून आहे. मुळे उपटलेल्या रुग्णांमध्ये हा अनुभव फार सर्रास आढळतो, म्हणून शक्य तितक्या लवकर, बदललेल्या स्वरूपात का होईना, कामावर परत जावे असा सल्ला दिला जातो. मी त्याला औषधाइतकेच महत्त्व देतो.

ते कधी थांबेल, याचे नेमके उत्तर कोणी देत असेल तर त्याच्यापासून सावध राहावे. अनेकांची वेदना पहिल्या काही वर्षांत सौम्य होते, काहींची मात्र दीर्घकाळ राहते. वेदना ३० टक्क्यांनी उतरली तरी उपचार उपयोगी पडला असे वेदनातज्ज्ञ मानतात. हा आकडा ऐकायला तुटपुंजा वाटतो, परंतु सलग झोप लागणे आणि न लागणे यांत तेवढाच फरक असू शकतो. औषधांचा पुरेसा प्रयत्न करूनही झटके असह्य राहिले, तर मज्जारज्जूत मुळे शिरतात त्या जागेच्या अतिउत्तेजित पेशी नष्ट करण्याची एक शस्त्रक्रिया आहे. निवडक रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो, पण त्याच बाजूच्या पायात अशक्तपणा येण्याचा धोका असल्यामुळे तिचा विचार शेवटी आणि अनुभवी शल्यविशारदाकडेच करावा.

प्रश्न : माझ्या पतींच्या दंडाची नस तुटल्यापासून त्यांचा हात ठणकतो. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन आणि प्रीगॅबालिन या गोळ्या दिल्या आहेत. एक नैराश्यावरची आणि दुसरी फेफऱ्यावरची असल्याचे वाचून ते घाबरले आहेत. सवय लागेल का? त्याऐवजी नसांना ताकद देणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालणार नाहीत का?

उत्तर : नसेच्या वेदनेवर पॅरासिटामॉलसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा परिणाम होत नाही, कारण ती सूज किंवा जखमेतून आलेली नसते. नसांमधील अवाजवी उत्तेजना शांत करणारी औषधे येथे उपयोगी पडतात, आणि ती मुळात इतर आजारांसाठी तयार झाली, एवढीच गोष्ट आहे. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन बहुधा रात्री १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, नैराश्यासाठी त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते. मात्रा सावकाश वाढवावी लागते आणि गुण कळायला काही आठवडे जातात. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडून देणे ही फार वेळा दिसणारी गोष्ट आहे. तोंडाला कोरड, गुंगी आणि चक्कर यांचा त्रास होऊ शकतो. प्रीगॅबालिनची सवय काहींना लागू शकते, विशेषतः पूर्वी व्यसन असलेल्यांना, म्हणून तसे काही असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. ते मद्यासोबत घेऊ नये आणि एकाएकी बंद करू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते.

व्हिटॅमिन बी-१२ त्याची कमतरता असेल तरच उपयोगी आहे. तुटलेली नस त्याने सांधत नाही. बी-६ तर दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास स्वतःच नसांना इजा करते, त्यामुळे ‘ताकदीच्या’ गोळ्या निरुपद्रवी असतात हा समज सोडावा.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी काच लागून माझ्या मनगटाची नस कापली गेली आणि ती लगेच शिवण्यात आली. आता बाहीचा स्पर्शही सहन होत नाही, म्हणून मी हात छातीशी धरून ठेवते. तळहाताच्या आत झिणझिण्या सरकत आहेत. विश्रांती देत राहू का?

उत्तर : शिवलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटावरील जखमेच्या पुढे टिचकी मारल्यावर झिणझिण्या येण्याची जागा महिन्यागणिक बोटांकडे सरकत असेल, तर ते तंतू वाढत असल्याचे लक्षण आहे. हात छातीशी धरून ठेवल्याने मात्र दोन तोटे होतात : सांधे आखडतात, आणि स्पर्श टाळल्याने त्वचा अधिकच हळवी होत जाते. फिजिओथेरपिस्ट किंवा हस्तोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्पर्शाची सवय लावावी. प्रथम रेशमी कापड, मग सुती, मग टॉवेल, प्रत्येक वेळी थोडा वेळ पण दिवसातून अनेकदा. ज्या दिवशी हात बरा वाटतो त्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकण्याचा मोह होतो आणि पुढचे दोन दिवस वाया जातात, म्हणून कामाचे माप वेदनेवर न ठरवता घड्याळावर ठरवावे.

थंडीत त्रास वाढतो, म्हणून हात उबदार ठेवावा. पण जिथे अजून संवेदना नाही तिथे गरम पाण्याची पिशवी लावू नये, कारण भाजलेले कळत नाही. हात सुजला, त्याचा रंग किंवा तापमान दुसऱ्या हातापेक्षा वेगळे दिसू लागले, किंवा घाम एकाच हाताला येऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लवकर दाखवावे.