विमान देखभालीच्या कामात स्वतःच्या तंदुरुस्तीचा आणि ताणाचा खरोखर किती फरक पडतो?

तुम्ही सांगलीहून विचारले आहे की, विमान देखभाल अभियंत्याचे शिक्षण घेण्याचा विचार आहे, प्रकृती चांगली आहे, रोज व्यायाम होतो, मात्र स्वभाव काळजी करणारा आहे. वैमानिकाची तंदुरुस्ती का महत्त्वाची हे समजते. परंतु जमिनीवर पाना घेऊन काम करणाऱ्याच्या झोपेने किंवा चिंतेने विमानाच्या सुरक्षिततेत असा कितीसा फरक पडणार?

मी साताऱ्याचा. मुंबईत सव्वीस वर्षे विमान देखभालीचे काम केले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक काळ रात्रपाळीत गेला, कारण बहुतेक विमाने दिवसभर उडतात आणि रात्री देखभालीसाठी हाती येतात. माझे उत्तर असे की, फरक वैमानिकाइतकाच पडतो. मात्र आपण थकलो आहोत हे ज्या मेंदूने ओळखायचे तोच आधी थकलेला असल्यामुळे, ते आपल्याला स्वतःला सर्वांत उशिरा कळते.

आमच्या प्रशिक्षणात नेहमी सांगितले जाणारे एक उदाहरण देतो. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची एक काच सुमारे १७,३०० फूट उंचीवर उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सर्वांचे प्राण वाचले. आदल्या दिवशीच्या पहाटे ती काच बदलली गेली होती आणि ९० पैकी ८४ बोल्ट ठरलेल्या मापापेक्षा किंचित बारीक होते. काम करणारा माणूस अनुभवी होता, पाळीचा प्रमुख होता. मनुष्यबळ कमी असल्याने त्याने ते काम स्वतःच अंगावर घेतले. बऱ्याच दिवसांनंतरची ती त्याची पहिलीच रात्रपाळी होती, वेळ पहाटे तीननंतरची होती, बोल्टच्या कप्प्यांपाशी उजेड अपुरा होता आणि वाचण्यासाठी लागणारा चष्मा त्याने लावलेला नव्हता. भांडारातील माणसाने योग्य माप सांगितले असतानाही त्याने जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळणी केली. यातील कोणतीही एक गोष्ट वेगळी घडली असती, तर ती काच कदाचित जागेवर राहिली असती. चष्म्याचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तंदुरुस्ती म्हटली की आपण दंड आणि छाती पाहतो. चाळिशीनंतर जवळचे अक्षर पुसट दिसू लागले, हे कोणी त्यात धरतच नाही.

पहाटेची वेळ हा यातील मोठा घटक आहे. साधारण दोन ते सहा या वेळात शरीराची जागरूकता सर्वांत खाली जाते, मग माणूस कितीही धडधाकट असो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला पहाटे सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन उड्डाणाचा बराच वेळ झोपलेले होते, हे चौकशीत कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून दिसले. गाढ झोपेतून उठल्यानंतर काही काळ निर्णयशक्ती जड राहते. सहवैमानिक विमान पुन्हा वर घेण्यास सांगत असतानाही ते उतरवण्याचा प्रयत्न चालू राहिला. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट धावत चढून जाणारी मुले मी दरवर्षी पाहतो आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. परंतु रात्रभर जागलेल्या त्याच मुलाच्या एकट्याच्या हाती पहाटे चार वाजता विमानाचे चाक बदलण्याचे काम मी देणार नाही.

ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हात आणि डोळा यांच्या मेळाची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. हा आकडा मला पुढे फार जवळून पटला. वडील साताऱ्यात रुग्णालयात होते. मी पहाटे पाचला उठून त्यांच्याजवळ थांबलो, दुपारच्या एसटीने मुंबईला आलो आणि रात्री दहाला कामावर उभा राहिलो. म्हणजे पाळी सुरू होतानाच सतरा तास भरले होते, आणि मन तर साताऱ्यातच होते. मी इंजिनाची तपासणी पूर्ण केली, काऊलिंग म्हणजे इंजिनावरचे झाकण बंद केले, कागदावर सही केली. पहाटे हत्यारे मोजताना माझा टॉर्च कमी भरला. तो मी पेटीत ठेवल्याचे मला स्पष्ट आठवत होते आणि मी तसे ठामपणे सांगितलेही. सहकाऱ्याने ऐकले नाही. काऊलिंग पुन्हा उघडले, तेव्हा टॉर्च आत एका नळीशेजारी पडलेला होता. मला आठवलेले दृश्य आधीच्या कुठल्यातरी रात्रीचे होते. मी खोटे बोललो नव्हतो, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटली.

ताणाचे काम असेच चालते. थोडा ताण माणसाला सावध ठेवतो. तो वाढला की लक्ष एकाच गोष्टीवर खिळते, कडेचे दिसेनासे होते आणि अर्धवट सोडलेले काम पूर्ण झाल्यासारखे वाटू लागते. म्हणून कामात मध्येच फोन आला किंवा कोणी हाक मारली, तर परत आल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करावी, असे आम्हाला शिकवले जात असे. घरातील आजारपण, कर्जाचा हप्ता, विमान वेळेत सोडण्याची घाई यांपैकी काहीही डोक्यात असले, तरी ही सवय उपयोगी पडते. सर्दीच्या अनेक साध्या गोळ्यांनीही गुंगी येते. कामावर जाण्यापूर्वी त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

तुमचा काळजी करणारा स्वभाव मला अडचण वाटत नाही. घट्ट केलेला बोल्ट पुन्हा तपासणारा माणूस या कामात हवाच असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा तो आपली काळजी कोणाला सांगत नाही आणि सहीपुरते काम उरकतो. वैमानिकाची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते आणि उड्डाणापूर्वी श्वासचाचणी होते. तुमची रात्रीची झोप किती झाली हे मात्र कोणतेही यंत्र सांगणार नाही, ते तुम्हालाच पाळीच्या प्रमुखाला सांगावे लागेल, आणि तेही हत्यारांची पेटी उघडण्याआधी.

तेव्हा शिक्षण अवश्य घ्या, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर दोन गोष्टी विचारा: सलग किती रात्रपाळ्या लावतात, आणि ‘आज मी या कामासाठी ठीक नाही’ असे शेवटचे कोणी सांगितले होते व तेव्हा त्याला कोणते काम दिले. दुसऱ्या प्रश्नावर समोरच्यांना एकही प्रसंग आठवला नाही, तर हाती दुसरी नोकरी असल्यास ती घ्या.